रेघेखालचा मजकूर

नोकरीतली बरीचशी वर्षं मी दुसऱ्यांची पत्रं फोडण्यात घालवली. पोस्टात नव्हते. माझगावात गोदीच्या अलीकडे एक एजन्सी होती, जहाजांना खलाशी पुरवणारी. तिथली मी कॉम्प्युटरवाली बाई. एजन्सीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात दोष तिचा नाही, माझा आहे.

दिवाळी अंकात निवृत्त माणसं लिहितात तेव्हा आपण किती मोठमोठे प्रसंग निभावले ते लिहितात. डॉक्टर ऑपरेशनं लिहितात, पोलीस चोर लिहितात. माझ्या कामात दिसण्यासारखं काही नव्हतं. गिरगावातली आमची वाडी, तिथून बस, मग एक टेबल, एक पंखा, आणि समोर मजकुराच्या ओळी. घरी परतले की बोलायला आई होती. ती गेल्यावर तेही संपलं. त्यामुळे ऑफिसात मी जरा जास्तच बोलत असे, आणि तेही तिरकं. पिंटो म्हणून आमचा काउंटरवरचा क्लार्क होता, तो म्हणायचा, "मॅडम, तुम्ही गुड मॉर्निंग म्हणता तेव्हापण वाटतं काहीतरी चुकलं आपलं."

आता थोडं कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ईमेल तुम्हाला पडद्यावर दिसते तशी आतून नसते. आतून ती मजकुराची एक लांबलचक पट्टी असते. वर दहा-वीस ओळी, कोणाकडून, कोणाला, कधी, कुठल्या कुठल्या मशीनमधून फिरत आली. मग एक कोरी ओळ. त्या कोऱ्या ओळीच्या वरचं सगळं पाकीट, खालचं सगळं पत्र. पत्राबरोबर फोटो असला किंवा बरीच पत्रं एकत्र बांधलेली असली, तर खालच्या भागाचे पुन्हा तुकडे, डब्याच्या पुडांसारखे. प्रत्येक पुडाच्या डोक्यावर त्याची चिठ्ठी: मी साधा मजकूर आहे, मी चित्र आहे, मला अमुक रीतीनं बांधलंय, तसंच सोडवा. चित्र तर चित्र म्हणून जातच नाही. त्याची आधी अक्षरं करतात. पानंच्या पानं अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं, आणि ती उलटी फिरवली की त्यातून माणसाचा चेहरा निघतो. माझ्या स्वतःच्या प्रोग्रॅमनं पहिला चेहरा काढला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. कुणाला दाखवणार? मी स्वतःसाठी एक स्पेशल चहा मागवला.

ते दिवस असे होते की जहाजावरून ईमेल उपग्रहामार्फत यायची आणि अक्षराअक्षराला महाग पडायची. घरोघरी कॉम्प्युटरही नव्हते. म्हणून जहाजावरचे खलाशी एकाच कॉम्प्युटरवर पाळीपाळीनं पत्र टंकायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी, आणि कॅप्टन आठवड्याची सगळी पत्रं एका गठ्ठ्यात आम्हाला पाठवायचा. माझा प्रोग्रॅम तो गठ्ठा सोडवायचा, प्रत्येकाचं पत्र वेगळं करायचा आणि घरच्यांच्या नावानं छापायचा. शनिवारी माणसं यायची. लालबागची, परळची, शीवची, माझगावातली. उत्तर कागदावर लिहून आणायची, ते मी टंकून पाठवायचे. उत्तरं टंकताना वाचणं भागच होतं, पण आलेलं पत्र वाचायचं नाही हा नियम मी स्वतःला घालून घेतला होता. तो मी पाळला आणि त्याचा मला मोठा अभिमान होता.

गमती पुष्कळ झाल्या. एका खलाशानं कुठल्याशा बंदरातून आपला डेकवरचा फोटो पाठवला. अक्षरं अर्ध्यातच तुटली, आणि तुटली की चित्र वरपासून तिथपर्यंतच निघतं. कमरेपर्यंत माणूस, खाली राखाडी पट्टा. त्याची म्हातारी आई तो कागद बघून मटकन खालीच बसली. "पायांचं काय झालं माझ्या पोराच्या?" पिंटोनं आणि मी मिळून तिला अर्धा तास समजावलं. शेवटी मी कॅप्टनसाहेबांच्या, म्हणजे आमच्या मालकांच्या, पाया पडून जहाजाला एक ओळ पाठवायला लावली. उत्तर आलं, दोन्ही पाय आहेत. म्हातारीनं तेही छापून घेतलं.

कॅप्टनसाहेब शिस्तीचे. एकदा एका क्लार्कनं दोन घरांची पत्रं अदलाबदल करून दिली, तर संध्याकाळी तो घरी. पुढे एका शब्दाची चर्चा नाही. मला ते दृश्य चांगलं आठवतं, तो आपला डबा तेवढा उचलून निघाला होता.

शनिवारच्या माणसांत घाडीकाका सगळ्यात आधी यायचे. दत्ताराम घाडी, मूळ मालवणकडचे, राहायला लालबागला, गिरणी बंद पडून घरी बसलेले. शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली असायची. सातवीपर्यंत शाळा, पण युनियनच्या ऑफिसात बसून बसून इंग्रजी अक्षरं लावायला शिकलेले. मुलाचं, सुहासचं, पत्र ते बाकावर बसून बोट फिरवत वाचायचे. मग मान वर करून विचारायचे, "आणि काही नाही ना, बाय?" मी म्हणायचे, "आलं ते सगळं दिलं, काका." मी हे अगदी ठामपणे म्हणायचे.

मला बोलायला माणूस हवंच असायचं, त्यांनाही असावं. हळूहळू सगळं कळलं. काका तरुणपणी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत होते, पंधरा दिवस आत जाऊन आलेले, खांद्यावर लाठीची खूण होती. माझा जन्म नेमका त्याच दिवसांतला. आई सांगायची, गिरगावात कर्फ्यू होता आणि सुईणीला आणायला वडील गल्लीबोळांतून लपतछपत गेले होते. हे ऐकून काका खूश झाले. "म्हणजे तुझ्या बापाला त्रास दिला तो आम्हीच," म्हणाले. पुढे गिरणीच्या लढ्यातही ते शेवटपर्यंत राहिले, गिरणी गेली तरी. जहाजावर जायच्या आदल्या दिवशी सुहासचं आणि त्यांचं वाजलं. सुहास म्हणाला, "मुंबई मिळवलीत बाबा, पण खोलीत संडास नाही मिळवलात. तुमच्या लढ्यांनी आम्हाला काय दिलं?" काकांनी त्या क्षणापासून मुलाशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी मुलगा पाया न पडताच गेला.

पत्रं आईच्या नावानं यायची. आईला लिहिता येत नव्हतं, म्हणून उत्तर ती सांगायची आणि काका आपल्या हातानं लिहायचे: तुझा गुडघा, माझा गुडघा, शेजारणीची मुलगी, खाली सही 'तुझी आई'. स्वतःचा एक शब्द त्यात नाही. मी एकदा म्हटलंसुद्धा, "काका, हात तुमचाच आहे, तर एक ओळ तुमचीपण टाका की." ते म्हणाले, "तो विचारतो का मला? त्याच्या पत्रात बाबा हा शब्द कुठं आहे दाखव." मी पत्रं वाचतच नव्हते, दाखवणार काय? काका दर शनिवारी तोच एक शब्द शोधायला यायचे, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती.

सुहास जहाजावर गेला त्याच सुमारास एक बदल झाला होता. जहाज कंपनीनं प्रत्येक पत्राच्या शेवटी आपोआप इंग्रजी सूचना चिकटवायला सुरुवात केली. आडव्या रेघेची एक ओळ आणि तिच्याखाली दहा ओळी कायद्याची भाषा. आमची माणसं घाबरायची. इंग्रजी दिसलं की विचारायची, "अपघात-बिपघात नाही ना काही?" साहेब म्हणाले, "मॅडम, ती शेपटी कापून टाका." अर्ध्या तासाचं काम. मी प्रोग्रॅमला सांगितलं, पत्र वाचत ये, नुसत्या रेघेची ओळ दिसली की तिथून खालचं सगळं टाकून दे. ऑफिसच्या चाळीसेक इंग्रजी पत्रांवर तपासलं. स्वच्छ निघाली सगळी. साहेबांनी चक्क "गुड" म्हटलं.

त्यानंतर चारेक महिन्यांनी शीव कोळीवाड्याच्या हिराबाई आल्या, रजेवर आलेल्या नवऱ्याला दंडाला धरून. काउंटरवर पर्स आपटून म्हणाल्या, "बाई, ह्याला सांगा तुम्ही. हा म्हणतो तीन वेळा लिहिलं, सुकट पाठव म्हणून. कोळ्याच्या घरात सुकटीला काय तोटा? लिहिलं असतं तर पाठवली नसती का मी?"

"लिहिलं होतं मॅडम," नवरा म्हणाला. "देवाशप्पथ. ता. क. मध्ये लिहिलं होतं."

"ता. क. कुठे लिहिलंत?" मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठे म्हणजे? सही केली, खाली रेघ मारली, रेघेखाली लिहिलं. ता. क. अजून कुठे लिहितात?"

तेव्हा मला कळलं. पत्रात दोन रेघा होत्या. एक खलाशानं मारलेली, एक जहाजाच्या मशीननं. माझा प्रोग्रॅम वरून वाचत यायचा आणि पहिल्या रेघेलाच सुरी चालवायचा. खालून वर वाचत यायला हवं होतं, बस एवढंच. आपल्याकडे पत्र संपवून सही झाल्यावर रेघ ओढून ताजा कलम लिहायचा, आणि वर लिहायला जीभ रेटत नाही ते नेमकं तिथे लिहायचं, हे कुठल्याही घरातल्या माणसाला माहीत असतं. मला सुचलं नाही. मला घरचं असं पत्र कधी आलंच नव्हतं. आई माझ्याबरोबरच राहायची आणि दुसरं लिहिणारं कुणी नव्हतं.

"जहाजावरूनच कधी कधी अर्धं येतं," असं मी हिराबाईंना ठोकून दिलं. हे पहिलं खोटं.

मूळ पत्रं आम्ही सीडीवर ठेवत होतो. प्रोग्रॅम सुधारला, जुने गठ्ठे पुन्हा सोडवले. रेघांखालून काय काय निघालं. लोणचं पाठवा, गोळ्या संपल्या, धाकटीच्या वाढदिवसाला फ्रॉक घ्या. ते सगळं मी पुढच्या शनिवारी 'उशिरा आलेला मजकूर' म्हणून ज्याचं त्याला वाटून टाकलं. घाडींचे मात्र बाजूला ठेवले. चौदा पत्रं, चौदा ता. क. माझा नियम मी त्या दिवशी मोडला आणि वाचले.

पहिला होता: बाबा, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. दुसरा: बाबा, राग गेला नसेल तर नका लिहू, पण वाचलं एवढं आईला सांगा. पुढे एकात कुठल्याशा बंदरातल्या हमालांच्या मोर्चाबद्दल होतं, माणसं उन्हात बसली होती आणि तुमची आठवण झाली. दर आठवड्याला एक, कधी दोन ओळी, कधी चार. शेवटचा तीन आठवड्यांपूर्वीचा होता. बाबा, कंपनी विचारते आहे इथूनच दुसऱ्या जहाजावर जाणार का, आणखी नऊ महिने. तुम्ही एक ओळ लिहिलीत तर घरी येतो. नाही आली तर समजेन की नको आहे. आईला हे सांगू नका.

मी उठून रजिस्टर बघितलं. सुहास घाडी, सिंगापूरला जहाज बदललं, नऊ महिन्यांची सही. आठ दिवस झाले होते.

सोमवारी दुपारी साहेबांना डोकं दुखतंय सांगून मी लालबागला गेले. दुसऱ्या मजल्यावरची खोली, काकू देवळात गेलेल्या. काकांनी आधी पाणी दिलं. मी काय झालं ते सांगितलं, जसं झालं तसं, आणि कागद पुढे ठेवले. ते खिडकीशी बसले. एकेका अक्षरावर बोट ठेवून चौदाही वाचले. मला उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. शेवटच्यापाशी त्यांचं बोट खूप वेळ थांबलं.

"पहिल्या दहांना मी उत्तर दिलं नसतं," ते म्हणाले. "खोटं कशाला बोलू, राग तेवढा होता माझा." मग कागद सरळ करत म्हणाले, "शेवटच्याला दिलं असतं."

मी म्हटलं, "काका, मी उद्या साहेबांना सांगते. सुहासलापण लिहिते, चूक माझी होती."

"साहेब काय करतील?"

"काढतील."

"घरी कोण आहे तुझ्या?"

"कुणी नाही."

"म्हणजे नोकरीच आहे," ते म्हणाले.

मला रडू आलं. इतकी वर्षं मला हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

"काय एक सांगू नको कुणाला," ते म्हणाले. "एवढी वर्षं गिरणीत काढली, मुकादमाशी भांडलो, मालकाशी भांडलो, पण कामगाराच्या पोटावर पाय नाही दिला कधी. आता ह्या वयात सुरू करू?" आणि मग त्यांची घरची बोली वर आली. "माझो झील आदीच माझ्यार रागावलेलो आसा. आणखी थोडो रागावतलो."

त्यांनी तिथेच वहीचं पान फाडून लिहिलं आणि मला टंकायला दिलं. 'सुहास, तुझी सगळी पत्रं पोचली. रेघेखालचंही सगळं वाचलं. मी हट्टाला पेटून उत्तर दिलं नाही. आता ये. बाबा.' मी ते तसंच्या तसं पाठवलं. वाईट वाटलं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं, आणि हे लिहिताना आजही लाज वाटते.

सुहासचं उत्तर दोन आठवड्यांनी आलं. कोरडं होतं, सही झाली आहे, आता नऊ महिने सुटता येणार नाही. पण वर 'ती. बाबांस' असं होतं. काका तो कागद घेऊन बराच वेळ बाकावर बसले. त्यानंतर ते स्वतःच्या नावानं लिहायला लागले. गणपतीची आरास, बंद गिरणीच्या चिमणीवर उगवलेलं पिंपळाचं झाड, असलं काहीबाही. पाच महिने हे चाललं. मग काकांच्या छातीत दुखायला लागलं, परळच्या हॉस्पिटलात चार दिवस काढले आणि गेले. काकूंनी सांगितलेली तार म्हणा, ईमेल म्हणा, मीच टंकली. जहाज भर समुद्रात होतं.

सुहास नऊ महिने पुरे करून आला तो दुसऱ्याच दिवशी आमच्या ऑफिसात. बापासारखीच शर्टाची वरची गुंडी लावलेली. पिंटोकडे कागद दिले आणि माझ्या टेबलाशी आला.

"मॅडम, एक विचारायचं होतं. माझी ती आधीची पत्रं बाबांना वेळेवर मिळत होती का?" मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "म्हणजे त्यांनी लिहिलं होतं मला, सगळी पोचली म्हणून. पण चौदा वेळा लिहिलं हो मी. मी तिकडे मनाशी म्हणायचो, मशीनचं काहीतरी बिघडलं असणार. बाबा रागीट होते, पण इतके दगड नव्हते."

त्यानं उत्तर माझ्या हातात आयतं दिलं होतं. मी नुसतं 'हो, मशीनचंच बिघडलं होतं' म्हणायचं होतं. साहेबांच्या केबिनचं दार उघडं होतं. काकांनी सांगू नको म्हटलं होतं. ही दोन्ही कारणं मी त्यानंतर स्वतःला हजार वेळा देऊन बघितली आहेत. काका जिवंत असताना त्यांचा शब्द पाळणं वेगळं होतं. ते गेल्यावर मुलाला त्याचा बाप परत देणं माझ्या हातात होतं, आणि मी टेबलावरचे कागद सारखे करत म्हटलं, "पोचली होती. वेळेवर."

"बरं," तो म्हणाला. मग "थँक यू" म्हणून गेला.

मी तिथे आणखी अकरा वर्षं काम केलं. निरोपाच्या वेळी साहेबांनी मला घड्याळ दिलं आणि भाषणात म्हणाले, मॅडमच्या हातून एक पत्र कधी इकडचं तिकडे झालं नाही. पिंटोनं टाळ्या वाजवल्या. निवृत्तीनंतर मी लालबागला जाऊन आले. चाळीच्या जागी टॉवर उभा होता आणि घाडी नावाचं कुणी तिथे वॉचमनला माहीत नव्हतं. जुन्या पत्त्यावर ईमेल केली, ती दोन मिनिटांत परत आली. परत आलेल्या ईमेलचे तुकडे मी सवयीनं उघडून बघितले. असा कुणी इथे नाही, एवढंच आत होतं.

आता घरी कॉम्प्युटर आहे, पण मला येतात त्या ईमेल बँकेच्या आणि साडीवाल्यांच्या. हा अंक दुकानांत जातो, वाचनालयांत जातो, कधी जहाजांवरही जातो असं ऐकते. म्हणून इथे लिहिते. सुहास, तुझी पत्रं पोचली नव्हती, मी कापली होती. तुझ्या बाबांच्या हातात ती चौदाही एकाच दुपारी पडली, आणि त्याच दुपारी त्यांनी तुला ये म्हणून लिहिलं.